रेती, सिमेंट आणि मोबाईल : पनवेलच्या छोट्या दुकानदारांची जाहिरात



गळीत हंगाम आटोपून उसाची बिले खात्यावर जमा झाली की आपल्या गावोगाव दोन गोष्टींची धांदल उडते. एक लग्नकार्य आणि दुसरे बांधकाम. कुणाच्या पत्र्याच्या घरावर स्लॅब पडतो, कुणी गोठा बांधायला काढतो, कुणाच्या विहिरीचे कठडे वर्षानुवर्षे राहिलेले असतात ते हाती घेतले जातात. बारा-पंधरा महिने पोटच्या पोरासारखा सांभाळलेल्या उसाचा पैसा असा सिमेंट, सळई, वाळू आणि विटांत मुरतो. शिवाय गेल्या काही वर्षांत आपल्याच सभासदांची मुले तालुक्याच्या गावी, नाहीतर हमरस्त्यावरच्या फाट्याला बांधकाम साहित्याची दुकाने घालून बसली आहेत. ही मुले दिवसातला बराच वेळ मोबाईलवर असतात. वडीलमंडळी म्हणतात, पोरगं गिऱ्हाईक सोडून फोनात तोंड खुपसून बसतंय. पोरगं म्हणतं, आबा, गिऱ्हाईक फोनातूनच येतंय.

यात खरे कोणाचे, हे पाहायचे तर ज्या गावात हा धंदा ऐन भरात आहे तिकडे नजर टाकावी, असे आम्हांला वाटले. असे गाव म्हणजे पनवेल.

पनवेल आपल्याला परके नाही. मुंबईची वाट तिथूनच जाते, आणि आपल्याकडची कितीतरी कुटुंबे कामोठे, कळंबोली, खांदा कॉलनी, नवीन पनवेल या भागांत कायमची राहायला गेली आहेत. गाव तसे फार जुने. खाडीकाठचे बंदर, गाढी नदीचा काठ, १८५२ सालची नगरपालिका. बोरघाट चढून देशावर येणाऱ्या बैलगाड्यांना लागणारी चाके इथे बनत आणि त्यासाठी गावाचे नाव होते. जुन्या गॅझेटियरात तसा उल्लेख आहे. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली आणि शेजारच्या भातशेतीत नवी मुंबई उभी राहू लागली. २०१३ साली विमानतळाच्या प्रभावक्षेत्राची म्हणजे ‘नैना’ची अधिसूचना निघाली, १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेलची महानगरपालिका झाली, १२ जानेवारी २०२४ ला शिवडीहून येणारा अटल सेतू खुला झाला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचे उद्घाटन होऊन २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. एवढे सगळे एका तालुक्यात आले म्हणजे बांधकाम किती निघाले असेल, याचा हिशेब सभासदांनी मनाशीच करावा. करंजाडे, उलवे, पुष्पक नगर, विचुंबे, उसर्ली, सुकापूर, आदई अशी नावे घ्या. जिकडे जावे तिकडे परातींचा आणि मिक्सरचा आवाज.

या बांधकामाला माल पुरवणारे दोन तऱ्हेचे लोक आहेत. हार्डवेअर, प्लायवूड, टाइल्स, नळ-पाईप यांची पुष्कळशी दुकाने गुजराती, कच्छी आणि राजस्थानी मंडळींची. पिढीजात व्यापारी, वहीखात्याला पक्के. दुसरा वर्ग रेती, खडी, विटा आणि भरावाची माती पुरवणाऱ्यांचा. यात स्थानिक आगरी आणि इतर भूमिपुत्रांची मुले मोठ्या संख्येने आहेत. ‘बिल्डिंग मटेरियल सप्लायर्स’ अशी त्यांची पाटी असते. दुकान म्हणजे बहुधा रस्त्याकडेचा एक गाळा आणि समोर रेतीचा ढीग.

या दुसऱ्या वर्गाविषयी आपण शेतकऱ्यांनी जरा थांबून विचार करावा. यांचे वाडवडील भात पिकवीत होते, मिठागरांवर राबत होते. जमिनी शहरासाठी गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तानच्या बाजूला झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व पुढे आले. पण जमीन गेलेल्या घरातल्या पोराने रोजचे काय करायचे? ज्या जमिनीवर इमारत उठतेय तिला रेती-खडी तरी आपण पुरवू, असे म्हणून अनेकांनी कर्ज काढून टेम्पो, डंपर घेतले. म्हणजे हा धंदा त्यांच्या लेखी शेतीच्या जागी आलेला आहे. बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो, गाडी उभी राहिली तरी येतो. तेव्हा मोबाईलवरची जाहिरात हा त्यांचा छंद नाही, हे आधी ध्यानात घ्यावे.

एके काळी सिमेंट विकणाऱ्याला जाहिरात म्हणजे काय हे माहीतही नव्हते. आपल्यातल्या साठी ओलांडलेल्या सभासदांना आठवत असेल, सिमेंटला परमिट लागायचे. घराच्या कामाला चार पोती हवी असली तरी तहसील कचेरीत अर्ज, मग चौकशी, मग वाट पाहणे. गिऱ्हाईकच दुकानदाराला ‘साहेब’ म्हणत असे. १९८२ च्या जानेवारीत राज्याच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला तो सिमेंटच्या वाटपावरूनच, आणि ते मुख्यमंत्री याच रायगड जिल्ह्याचे होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत नियंत्रण काही अंशी उठले आणि १९८९ च्या मार्चपासून पुरते गेले. आज एका पनवेलात किती तऱ्हेचे सिमेंट मिळते ते मोजायला बोटे पुरणार नाहीत. गिऱ्हाईक रस्त्यात उभे राहून तीन दुकानांना फोन लावते आणि जो पैशाने कमी सांगेल त्याच्याकडे जाते. काळ असा उलटा झाला. म्हणून जाहिरात आली.

आता ती कशी आली ते बघा. सुरुवातीला सर्वांनी तेच केले जे आपल्याकडची मुले आज करीत आहेत. सकाळी उठून ‘शुभ सकाळ’, खाली गुलाबाचे फूल आणि त्याखाली दुकानाचे नाव. गणपतीला शुभेच्छा, दिवाळीला शुभेच्छा, गावच्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला शुभेच्छा. मालकाचा गॉगल घातलेला फोटो मोठा आणि सिमेंटचे पोते कुठेच नाही. आम्हांला कुणाच्या हौसेची थट्टा करायची नाही. पण गुलाबाचे फूल पाहून कुणी स्लॅब टाकायला काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही. उलट रोजच्या या माऱ्याने लोक कंटाळतात आणि तो नंबर मुका करून ठेवतात. मग ज्या दिवशी खरोखरच सांगण्यासारखे असते त्या दिवशीचा निरोपही कोणी वाचत नाही.

त्यानंतर आली छोट्या चित्रफितींची लाट. डंपरमधून रेती ओतली जातेय, मागे जोरकस गाणे, आणि पाहणारे हजारोंनी. काहींना लाखाच्या वर लोकांनी पाहिले. पण हे लाख लोक कुठले? कुणी बिदरचा, कुणी बिहारचा, कुणी दुबईत नोकरीला असलेला. यांच्यातला एकही करंजाड्यात दोन ब्रास रेती मागवणार नाही.

ही गोष्ट ऊस उत्पादकाला फोड करून सांगायला नको. ऊस लांबून आणला की वाहतुकीत मरतो. म्हणूनच प्रत्येक कारखान्याला आपले जवळचे क्षेत्र महत्त्वाचे वाटते, आणि म्हणूनच आपल्या राज्यात दोन कारखान्यांमध्ये २५ किलोमीटर हवाई अंतराचा नियम आहे. रेती, खडी, विटा यांचेही तसेच. माल जड आणि किमतीला हलका. दर किलोमीटरला डिझेल नफा खात जाते. तेव्हा बांधकाम साहित्याच्या छोट्या दुकानदाराला जगाने पाहून उपयोग नाही; त्याच्या पंधरा-वीस किलोमीटरच्या घेऱ्यात ज्यांचे काम चालू आहे त्या दोनशे-तीनशे माणसांनी पाहिले पाहिजे. त्यांतही दोन ठेकेदार, दहा गवंडी आणि पाच प्लंबर पाहत असतील तर धंदा चालतो. फेसबुकवर पैसे देऊन जाहिरात करायची असली तर आपल्या गावाभोवतीचा घेरा आखून देता येतो. पनवेलातल्या जाणत्या दुकानदारांना हे कळून चुकले आहे. बाकीचे अजून आकडे मोजतात. आणखी एक. त्या जाहिरातीच्या बिलावर वरून १८ टक्के जीएसटी बसतो, तो धरूनच हिशेब करावा.

मग उपयोग कशाचा होतो? बाजारात फिरून आणि दुकानदारांची मोबाईलवरची पाने चाळून आमचे जे मत झाले ते असे की, दुकानाचा शब्द जिथे तपासता येतो तिथेच गिऱ्हाईक थांबते. ‘सर्वात स्वस्त, सर्वात मस्त’ असे लिहिलेल्या पानावरून लोक पुढे सरकतात. पण १२ मिलिमीटरची सळई किती किलोची भरते, हे लिहून ठेवणाऱ्याचे पान लोक एकमेकांना पाठवतात.

हे सळईचे गणित सभासदांनीही जाणून घ्यावे, घर बांधताना कामी येईल. सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिचा तिच्याशीच गुणाकार करा आणि १६२ ने भागा. आले ते एका मीटरचे वजन किलोमध्ये. १२ मिलिमीटरसाठी १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८८९ किलो. पूर्ण सळई १२ मीटर लांब असते, तिचे वजन सुमारे १०.६७ किलो झाले. आठ मिलिमीटरची सळई याच हिशेबाने ४.७४ किलो आणि १६ मिलिमीटरची सुमारे १८.९६ किलो. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १७८६) १२ मिलिमीटरला पाच टक्के इकडे-तिकडे चालते. पण काही ठिकाणी सळई नगावर मोजून देतात, वजन कागदावरचे लावतात आणि प्रत्यक्ष माल हलका असतो. शंभर सळया घेतल्या आणि दहा टक्के हलक्या निघाल्या, तर १०७ किलो लोखंड गेले. किलोला ६० रुपये जरी धरले तरी सुमारे ६,४०० रुपये झाले. आणि हे झाले पैशाचे. स्लॅबमध्ये जे लोखंड कमी पडले त्याचे काय?

आपण वजनकाट्यावर ऊस घालणारी माणसे. काट्यावरचा अविश्वास आणि काट्यावरचा विश्वास या दोन्ही गोष्टी आपल्याला चांगल्या ठाऊक आहेत. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या वजनाची पावती हातात पडली की मनुष्य निम्मा शांत होतो. पनवेलात हेच काम आता मोबाईलवर होते. लोखंड काट्यावर चढवले, पावती आली, तिचा फोटो थेट गिऱ्हाईकाच्या व्हॉट्सॲपवर. त्याच गिऱ्हाईकाच्या परवानगीने, नाव-पत्ता झाकून, तो फोटो दुकानाच्या पानावरही टाकायचा. यापरती जाहिरात आमच्या पाहण्यात नाही, आणि तिला फोटो काढण्यापलीकडे खर्चही नाही.

रेतीचेही असेच. (आपण जिला वाळू म्हणतो तिला तिकडे रेती म्हणतात.) एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडीचा हौदा १० फूट लांब, ५ फूट रुंद आणि माल २ फूट उंच भरला असेल तर बरोबर एक ब्रास. टेप लावून हे मोजून दाखवणारी मिनिटभराची चित्रफीत काय काम करते ते पाहण्यासारखे आहे. त्यात सांगण्याजोगे आणखी एक असे की ओलसर वाळू फुगते. पाव हिश्शाने, बारीक असली तर त्याहूनही अधिक. कोकणात चार महिने पाऊस. म्हणजे ओली रेती मापात पुरी दिसते, पण कोरडी झाली की बसते. जो दुकानदार स्वतः होऊन हे सांगतो त्याला एखाद-दुसरा सौदा गमवावा लागेलही. पण पावसाळ्यात मालावरून होणारी भांडणे त्याच्या दारात कमी होतात.

सिमेंटच्या पोत्यावर ते कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनले ते छापलेले असते. साठवणीत सिमेंटची ताकद कमी होत जाते. तीन महिन्यांवरचे पोते घेताना दहादा विचार करावा. ताजा माल उतरला की त्या छापाचा फोटो तारखेसह टाकणारे दुकानदार पनवेलात आहेत. फुलाच्या फोटोपेक्षा हा फोटो गवंड्याला कितीतरी सुंदर वाटतो.

भावाचे मात्र नाजूक आहे. भाव जाहीर लिहावा की लिहू नये, यावर पनवेलच्या बाजारात दोन तट पडलेले दिसतात. न लिहिणाऱ्यांचे म्हणणे असे : भाव रोज हलतो, शेजारचा वाचून दोन रुपये कमी करतो, आणि गवंडी नाराज होतो.

गवंडी का नाराज होतो, हे उघड बोलले पाहिजे. बांधकामात माल कोणता घ्यायचा हे घरमालक क्वचितच ठरवतो. गवंडी, फिटर, प्लंबर, सुतार, रंगारी हेच ठरवतात. मोठ्या कंपन्यांनी हे फार पूर्वी ओळखले. फेव्हिकॉल बनवणाऱ्या पिडिलाइट कंपनीची सुरुवात १९५९ ची. बळवंत पारेख यांनी आपला गोंद घरमालकापेक्षा आधी सुतारापर्यंत नेला; पुढे त्या कंपनीने सुतारांसाठी फर्निचरच्या नमुन्यांची पुस्तके काढली. पुस्तक सुताराच्या पिशवीत, सुतार घरमालकाच्या ओसरीवर, आणि गोंद आपोआप पाटावर. हे झाले चांगले उदाहरण. दुसरी बाजू अशी की रंगाच्या डब्यात रंगाऱ्यासाठी टोकन असते, दुकानदार गवंड्याला टक्का देतो, आणि तो टक्का शेवटी घरमालकाच्याच भावात मिसळलेला असतो. दुकानदाराने भाव मोबाईलवर उघड केला की घरमालकाला टक्का दिसू लागतो. म्हणून गवंड्याची नाराजी.

यावर काहींनी काढलेला मार्ग आम्हांला पटला. भाव उघड लिहायचा, पण पुरता लिहायचा. तारीख कोणती, भाव दुकानावरचा की जागेवर पोच, जीएसटी धरून की सोडून, हमाली कोणाची, आणि तिसऱ्या मजल्यावर चढवायचे असल्यास वेगळे किती. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. असा बदल झाला की पहिला फोन दुकानदारालाच येतो. त्या दिवशी ज्याच्या पानावर नवा भाव तारखेसह लिहिलेला असेल त्याचे निम्मे फोन वाचतात. आणि गवंड्याला मान द्यायचा तो कामातून. त्याने केलेल्या प्लास्टरचा, त्याने बांधलेल्या जिन्याचा फोटो त्याच्या नावासह दुकानाच्या पानावर टाकायचा. गवंड्याचे नाव आजवर कुठल्या पाटीवर लागले होते? या फोटोमुळे त्याला नवे काम मिळते, आणि ते काम तो कोणाच्या दुकानातून करील हे सांगायला नको. टक्का यामुळे बंद होतो असे नाही. आमचे मत विचाराल तर तो बंद व्हावा. पण जुनी सवय आहे, वेळ लागेल.

आता थोडे साधनांविषयी, कारण आपल्या मुलांना ते उपयोगी पडेल. बहुतेकांचे काम व्हॉट्सॲपच्या व्यापारासाठी असलेल्या वेगळ्या ॲपवर चालते. ते २०१८ साली आले आणि छोट्या दुकानदाराला फुकट आहे. त्यात मालाची यादी फोटोसह लावता येते, गिऱ्हाईकांना ‘पैसे यायचे’, ‘माल पोचला’ अशा खुणा करता येतात, दुकान बंद असताना आपोआप उत्तर जाते. एकाच वेळी अनेकांना निरोप धाडण्याच्या यादीत २५६ जण मावतात. मात्र ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला असेल त्यालाच तो निरोप पोचतो. हा नियम आम्हांला फार शहाणपणाचा वाटतो. ओळख आधी, निरोप नंतर. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करणेही फुकट आहे. बहुधा दुकानाची पाटी, आतला माल आणि कुलूप उघडतानाची चित्रफीत मागतात आणि खात्री पटली की नोंद होते. तिथे गिऱ्हाईक चार शब्द लिहून जाते. काहीजण ‘पाच तारे द्या आणि शंभर रुपये सूट घ्या’ असे सांगतात. हे गूगलच्या नियमात बसत नाही, आणि आमच्या मते रीतीतही बसत नाही.

व्हॉट्सॲपचा खरा फायदा जाहिरातीपेक्षा उधारीच्या हिशेबात आहे, हे पनवेलातले मुरलेले व्यापारी जाणतात. पूर्वी साइटवरून फोन यायचा : ‘शेठ, उद्या सकाळी दोन ब्रास रेती न चाळीस गोणी टाका.’ माल जायचा. महिन्याने ठेकेदार म्हणायचा, मी तीसच सांगितल्या होत्या. आता तेच वाक्य लेखी येते, माल उतरल्याचा फोटो वेळेसह जातो, खाली ‘मिळाले’ एवढा शब्द येतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात अशा नोंदी ठरलेल्या प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून धरल्या जातात. कोर्टाची पायरी चढायची वेळ न येवो. पण लेखी असले की माणूस बोलताना जपून बोलतो. बऱ्याच दुकानांत हे काम घरातली सून किंवा मुलगी पाहते. निरोप वाचून गाडी लावणे, येणे-देणे लिहिणे, उशीर झाला तर कळवणे. पुरुषमंडळी डंपरच्या मागे धावत असताना गल्ल्याची खरी राखण तीच करते. पाटीवर मात्र तिचे नाव नसते, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

आणखी एका गोष्टीची आठवण द्यावीशी वाटते. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. ज्यांनी ज्यांनी आपले सगळे बस्तान त्या एका ठिकाणी मांडले होते त्यांचे एका रात्रीत पुसले गेले. फेसबुक काय, इन्स्टाग्राम काय, ती जागा परक्याची आहे. भाडे नाही म्हणून आपली होत नाही. गिऱ्हाईकाचे नाव, फोन, कोणते काम चालू आहे आणि स्लॅब कधी पडणार, एवढे दुकानाच्या वहीत कागदावर लिहिलेले असावे. पनवेलच्या जुन्या हार्डवेअरवाल्यांच्या गल्ल्याखाली अशी लाल कापडाची वही अजून असते, आणि मोबाईल आला म्हणून त्यांनी ती मोडीत काढलेली नाही.

आता सभासदांच्या थेट हिताची गोष्ट. या माध्यमांवर जसे खरे दुकानदार आहेत तसे चोरही आहेत. त्यांची रीत ठरलेली असते. एखाद्या चांगल्या दुकानाचे फोटो उचलायचे, तसेच नाव लावून नवे पान उघडायचे, बाजारापेक्षा पोत्यामागे चाळीस-पन्नास रुपये कमी भाव लिहायचा, ‘आज बुकिंग केले तरच हा भाव’ म्हणून घाई करायची आणि निम्मी रक्कम आगाऊ मागायची. पैसे गेले की फोन बंद. उसाचे बिल नुकतेच खात्यावर आलेले असते, घरात बांधकामाची घाई असते, आणि चाळीस पोत्यांवर दोन हजार वाचतात असे वाटून माणूस फसतो. नुकसान एकट्या घरमालकाचे होत नाही. ज्या दुकानाचे फोटो चोरले त्याची अब्रूही जाते. फसलेला मनुष्य त्याच्याच दारात येऊन उभा राहतो. म्हणून पनवेलात काही दुकानदारांनी आपल्या पानावर सर्वांत वर लिहून ठेवले आहे की माल जागेवर उतरल्याशिवाय आम्ही पैसे घेत नाही.

आपण एवढे करावे. नव्या माणसाकडून माल मागवताना त्याचा जीएसटी क्रमांक मागावा. तो पंधरा अंक-अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा असेल तर २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो घातला की दुकानाचे खरे नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे कुणालाही दिसते. पैसे पाठवताना पडद्यावर जे नाव येते ते दुकानाचे किंवा मालकाचे आहे का पाहावे. भलत्याच माणसाचे असेल तर हात आवरावा. आगाऊ देणे भागच असेल तर गाडीभाड्यापुरते द्यावे. आणि फसवणूक झालीच तर लाजून घरी बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त. रात्र झाली म्हणून सकाळची वाट पाहू नये.

ज्या सभासदांच्या मुला-मुलींनी बांधकाम साहित्याचा धंदा सुरू केला आहे त्यांनी आपला अनुभव, विशेषतः उधारीच्या वसुलीचा आणि भाव जाहीर लिहिण्याचा, थोडक्यात लिहून गट कार्यालयात द्यावा. सळईच्या वजनाचा पूर्ण तक्ता, ६ ते २५ मिलिमीटरपर्यंतचा, गट कार्यालयांच्या फलकावर लावण्यात येत आहे. बांधकाम काढण्यापूर्वी तो उतरवून घ्यावा आणि दुकानात जाताना खिशात ठेवावा.